आरोळीचं मूळ गाव

कोयनानगरहून पाटणला उतरलं आणि तिथून ढेबेवाडीच्या खोऱ्यात शिरलं, की बनपुरीच्या डोंगरावर नाईकबाचं ठाणं लागतं. चैत्रात तिथे यात्रा भरते. सासनकाठ्या नाचत असतात, गुलाल उधळलेला असतो आणि गर्दीतून एखादा गडी हाक घालतो, ‘नाईकबाच्या नावानं...’ पुढचा शब्द त्याला एकट्याला म्हणावा लागत नाही. ‘चांगभलं!’ सारा डोंगर उत्तर देतो.

त्याच चैत्रात कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीवर जोतिबाची यात्रा असते. तिथे सासनकाठीचा पहिला मान आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा. हाक तीच, देवाचं नाव बदललेलं. जोतिबाच्या डोंगरावरून कोल्हापुरात उतरून फुटबॉलचा सामना असेल त्या दिवशी शाहू स्टेडियमवर जावं. हलगी कडाडत असते, घुमकं घुमत असतं. कुणीतरी संघाचं नाव घेतं आणि गॅलरी त्याला उत्तर देते. डोंगरावरचा आणि मैदानावरचा आवाज शेजारी शेजारी ठेवून ऐकले, की एक प्रश्न मनात घर करतो. समर्थकांच्या या आरोळ्या येतात कुठून? त्या पहिल्यांदा कोण म्हणतं? आणि एकाची आरोळी हजारांची केव्हा होते?

जगभर या प्रश्नाची उत्तरं शोधली गेली आहेत. आपल्याकडची सामग्री तितकीच श्रीमंत आहे, पण ती देवळात, शेतात, आखाड्यात आणि मोर्चात विखुरलेली आहे. ती एकत्र मांडून पाहण्याचा हा प्रयत्न.

परदेशातल्या जुन्या आरोळ्या

इंग्लंडमधल्या नॉर्विच सिटीचे समर्थक ‘ऑन द बॉल, सिटी’ हे गाणं म्हणतात. आजही गायलं जाणारं जगातलं सर्वांत जुनं फुटबॉलगीत म्हणून ते ओळखलं जातं. ते 1890 च्या दशकातलं मानतात आणि नॉर्विच सिटी क्लब स्थापन झाला 1902 मध्ये. म्हणजे गाणं आधीचं, क्लब नंतरचा. गावातल्या आधीच्या संघांसाठी जे म्हटलं जात होतं, ते नव्या क्लबच्या वाट्याला आलं.

पोर्ट्समथची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे 1890 च्या दशकात रॉयल आर्टिलरी या लष्करी संघाचे सामने नगरभवनाजवळच्या मैदानावर होत. नगरभवनाच्या घड्याळाचे टोल मैदानावर ऐकू येत आणि चारच्या सुमाराला सामना संपत असे. टोल पडू लागले की वेळ संपल्याची पंचांना आठवण द्यायला प्रेक्षक त्याच सुरात सूर मिसळत. पुढे तो लष्करी संघ मागे पडला, 1898 मध्ये पोर्ट्समथ फुटबॉल क्लब निघाला आणि घड्याळाचा सूर नव्या क्लबच्या समर्थकांकडे आला. ‘पॉम्पी चाइम्स’ या नावानं तो अजून गायला जातो. घड्याळानं तास सांगावा आणि त्या सुराची शंभर वर्षांहून अधिक टिकलेली आरोळी व्हावी, याला कुठल्याही कवीची गरज पडली नाही.

मोठा बदल घडला तो 1960 च्या दशकात. लिव्हरपूलच्या मैदानावरच्या एका उतरत्या गॅलरीला ‘कॉप’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप या टेकडीवर जानेवारी 1900 मध्ये बोअर युद्धातली रक्तरंजित लढाई झाली, तिच्यावरून हे नाव पडलं. या गॅलरीत लोक सामन्याआधी कितीतरी वेळ येऊन उभे राहत. कर्ण्यावरून त्या काळची लोकप्रिय गाणी वाजत आणि उभी गर्दी ती म्हणू लागे. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे मुळात 1945 च्या एका अमेरिकन संगीत नाटकातलं पद. लिव्हरपूलच्याच एका वाद्यवृंदानं 1963 मध्ये ते नव्यानं गायलं आणि ते कॉपचं होऊन गेलं. 1964 मध्ये बीबीसीनं या गाणाऱ्या गर्दीचं चित्रण दाखवलं.

मग उसनवारीला सीमाच उरली नाही. क्यूबातल्या ‘ग्वांतानामेरा’च्या चालीवर खेळाडूंची नावं बसली. वेल्समध्ये प्रार्थनेसाठी बांधलेली ‘कुम रॉन्धा’ची चाल प्रतिस्पर्ध्यांना चिडवायला वापरात आली. स्पॅनिश जगातल्या बैलझुंजीतला ‘ओले’ फुटबॉलमध्ये शिरला. आइसलँडच्या समर्थकांनी 2016 च्या युरो स्पर्धेत हात वर करून एका लयीत घातलेली टाळी जगानं पाहिली आणि तिला वायकिंगांचा वारसा चिकटवला. प्रत्यक्षात आइसलँडच्या एका क्लबच्या समर्थकांनी ती दोन वर्षं आधी स्कॉटलंडच्या मदरवेल क्लबच्या सामन्यात उचलली होती.

या सगळ्या उदाहरणांतून एकच गोष्ट पुढे येते. आरोळीचा उगम शोधताना आपण कर्ता शोधतो, आणि सापडते ती वाट. प्रत्येक गर्दीनं आपली आरोळी आधीच्या एखाद्या गर्दीकडून घेतलेली असते. म्हणून ‘ही कुणी रचली?’ यापेक्षा ‘ही याआधी कुठे म्हटली जात होती?’ हा प्रश्न अधिक कामाचा. आपल्या मुलखातल्या आरोळ्यांना हाच प्रश्न विचारला, तर तीन वाटा स्पष्ट दिसतात.

पहिली वाट : देवाचा डोंगर

कराड तालुक्यात तारळी नदीच्या काठी पालीचा खंडोबा आहे. पौषात तिथे खंडोबा आणि म्हाळसेचं लग्न लागतं, भंडाऱ्यानं आभाळ पिवळं होतं आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ सुरू होतं. यातला ‘येळकोट’ मराठी नाही. कर्नाटकात मैलार इथे याच देवाचे भक्त ‘एळु कोटि, एळु कोटि’ असा घोष करतात. कन्नडमध्ये ‘एळु’ म्हणजे सात, म्हणजे सात कोटी. हे सात कोटी कशाचे, यावर मतं वेगवेगळी आहेत. कुणी सैन्याचे म्हणतं, कुणी सोन्याच्या नाण्यांचे. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाचा अभ्यास करताना मराठी आणि कानडी मुलखाला जोडणारे असे कितीतरी धागे उलगडले आहेत. आरोळीच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की शब्द भाषेची हद्द ओलांडून आला, मूळ अर्थ मागे राहिला आणि तरी जोर तसूभर कमी झाला नाही. आरोळीत अर्थाच्या आधी नाद पोचतो, याचा याहून चांगला पुरावा नाही.

‘चांगभलं’ची ताकद दुसऱ्या प्रकारची आहे. चांगलं आणि भलं, असे एकाच अर्थाचे दोन शब्द एकमेकांना जोडलेले. जोतिबाच्या, मांढरदेवच्या काळूबाईच्या, कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीच्या बिरोबाच्या, नाईकबाच्या अशा कुठल्याही देवाच्या नावानं ते म्हणता येतं. आरोळीचा अर्धा भाग मोकळा, अर्धा पक्का. मोकळ्या जागी ज्याचं त्यानं आपलं नाव बसवायचं. फुटबॉलची आरोळी जगभर याच साच्यावर चालते. चाल आणि शेवट ठरलेला असतो, मधलं नाव बदलतं.

‘गणपती बाप्पा मोरया’मधला ‘मोरया’ चिंचवडच्या मोरया गोसावींशी जोडला जातो. भक्ताचं नाव देवाच्या नावापुढे जाऊन बसलं आणि तेच उत्तर झालं. आज वानखेडे स्टेडियमवर चेंडू सीमापार गेला की हाच घोष उठतो. शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी वर चढवताना ‘हर हर महादेव’ होतं. छातीवरच्या चढाला माणसं एकमेकांना हात देतात आणि आवाजही देतात. तिथे तो घोष भक्तीइतकाच बळाचा असतो.

या वाटेचा कोयनेच्या खोऱ्याशी आणखी एक संबंध आहे. धरणानं उठवलेली माणसं सातारा, सांगली, सोलापूर आणि थेट रायगड, ठाण्यापर्यंत विखुरली. गाव पाण्याखाली गेलं तरी देवाचं नाव आणि त्या नावाची हाक पाण्याखाली जात नाही. माणसं जिथे गेली तिथे ती सोबत गेली. नॉर्विचला गाणं क्लबच्या आधीपासून होतं. इथे आरोळी गावाच्या नंतरही राहिली.

दुसरी वाट : घाम आणि माती

दुसरी वाट श्रमाची. भात कापताना, मळणी घालताना म्हटली जाणारी भलरी हे समूहाचंच गाणं. एकानं ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांचे विळे एका लयीत फिरायचे. जड दगड किंवा लाकूड हलवताना ‘हैय्या’ लागतो. त्यात अर्थ शोधू नये. दहा माणसांचा जोर एका क्षणी एका जागी आणायचं ते काम आहे.

पाटण आणि जावळी तालुक्यांतली कितीतरी माणसं मुंबईत ओझी वाहायला गेली. त्यांना संघटित करणारे माथाडी नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळेचे. 1969 मध्ये माथाडी कायदा झाला, त्यामागे या पाठींचं बळ होतं. हे चाकरमानी खोऱ्यातल्या हाका मुंबईला घेऊन गेले आणि यात्रेला परतताना मुंबईच्या घोषणा गावात घेऊन आले. आरोळ्यांच्या देवाणघेवाणीला एसटी आणि बोट पुरेशी होती.

मातीचा दुसरा वारसा आखाड्याचा. सातारा, सांगली, कोल्हापूर हा कुस्तीचा मुलूख. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी 1964 मध्ये हिंदकेसरी किताब मिळवला. कुंडलच्या मैदानाला माणसं डोंगरउतारावर बसून कुस्त्या पाहतात. त्या मैदानांवरचा आवाज नीट ऐकला, तर त्याची एक रचना कळते. जोड लागते तेव्हा शांतता असते. हलगी संथ चालते. खडाखडी वाढते तशी हलगी तापते. कुणी पट काढला, कुणी कब्जा घेतला की एक हुंकार उठतो आणि चितपट झाली की सगळं मैदान उसळतं. म्हणजे कुस्तीच्या प्रेक्षकाला शब्दांची फार गरजच पडत नव्हती. त्याच्या वतीनं हलगीच बोलत होती. कोल्हापूरच्या फुटबॉलला मिळालेला वारसा हाच आहे.

कबड्डीत तर खेळ आणि आरोळी वेगळी काढताच येत नाहीत. चढाई करणाऱ्यानं दम न सोडता एकच शब्द म्हणत राहायचा, हाच नियम. खेळाचं जुनं नाव ‘हुतूतू’ हे त्या घोकण्यावरूनच पडलं.

याच वाटेवर लष्कर येतं. साताऱ्याच्या गावागावांतून मराठा लाइट इन्फंट्रीत जवान गेले. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ हा या रेजिमेंटचा युद्धघोष. ‘बोल’ हा पहिला शब्द इथे फार महत्त्वाचा. तो समोरच्याला उत्तर द्यायला लावतो. रजेवर आलेल्या किंवा निवृत्त झालेल्या फौजीनं गावच्या संघाच्या मागे उभं राहून ‘बोल’ म्हटलं, की पोरं आपोआप एका रांगेत उभी राहिल्यासारखी ओरडतात.

तिसरी वाट : रस्ता आणि रंगमंच

विसाव्या शतकानं तिसरी वाट उघडली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनं ‘झालाच पाहिजे’ हे क्रियापद साऱ्या राज्याच्या तोंडी बसवलं. कामगारांच्या मोर्च्यांनी ‘कोण म्हणतो देणार नाही?’ हा प्रश्न आणि त्याचं ठरलेलं उत्तर दिलं. निवडणुकांनी ‘येऊन येऊन येणार कोण?’ दिलं. या तिन्ही घोषणांचा साचा यात्रेतलाच आहे. एक भाग पुढाऱ्याचा, दुसरा गर्दीचा. देवाच्या जागी मागणी आली, मग उमेदवार आला. मैदानावर त्या जागी संघ येतो.

‘अरे आवाज कुणाचा?’ ही घोषणा या वाटेचं उत्तम उदाहरण. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक 1963 पासून पुरुषोत्तम करंडक स्पर्धा भरवते. भरत नाट्य मंदिरात पडदा उघडण्याआधी प्रत्येक कॉलेजचा कंपू ही घोषणा देतो. तीच राजकीय सभांत असते, तीच क्रिकेटच्या मैदानावर. ती मूळची कुणाची यावर माणसं तावातावानं बोलतात आणि प्रत्येक जण तिच्यावर आपला हक्क सांगतो. मला या भांडणातच तिचं यश दिसतं. जी आरोळी सगळ्यांना आपली वाटते तिचं मालकीपत्र नसतंच.

इंग्रजी शाळांमधून ‘हिप हिप हुर्रे’ आलं, क्लबांमधून ‘बक अप’ आलं आणि गावोगाव त्याचं ‘बकप’ झालं. गोव्यात पोर्तुगीज शब्द शिल्लक राहिला. फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाचे समर्थक ‘फोर्सा गोवा’ म्हणतात. ‘फोर्सा’ म्हणजे बळ. पोर्तुगीज राजवट 1961 मध्ये संपली, पण खेळाला जोर देणारा तिचा शब्द लोकांनी आपलासा करून ठेवला.

क्वचित एखाद्या आरोळीचा उगम घरातही सापडतो. ‘सचिन, सचिन’ हा घोष भारतातल्या प्रत्येक मैदानानं दोन दशकं ऐकला. सचिन तेंडुलकरनं 2017 मध्ये सांगितलं, की त्याच्या नावाचा हा पुकारा पहिल्यांदा त्याच्या आईनं केला, खाली खेळणाऱ्या मुलाला घरी बोलावण्यासाठी. आईच्या हाकेत आणि स्टेडियमच्या घोषात अंतर आहे, पण जात एकच. दोन्ही हाका त्याला नावानं ओळखतात.

तिन्ही वाटा मिळतात ते मैदान

या तिन्ही वाटा जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. भारतात फुटबॉलची गर्दी म्हटलं की कोलकात्याचं नाव निघतं. तिथे 1889 चा मोहन बागान आणि 1920 चा ईस्ट बंगाल यांच्यामागे दोन मुलखांची माणसं उभी राहिली आणि ‘जय’ या एका शब्दापुढे आपापल्या क्लबचं नाव जोडू लागली. कोल्हापुरात मुलखाच्या जागी पेठ आहे आणि क्लबच्या जागी तालीम.

हा फरक मूलभूत आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, जुना बुधवार पेठ तालीम, उत्तरेश्वर वाघाची तालीम ही इथल्या फुटबॉल संघांची नावं. शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब यांच्याही मागे त्यांच्या पेठा आहेत. राजर्षी शाहूंनी खासबागचं मैदान उभारून ज्या शहराला कुस्तीचं वेड लावलं, त्या शहरात फुटबॉल आखाड्याच्या दारातून आत आला. त्यामुळे गॅलरीत बसणाऱ्या समर्थकाला आरोळी नव्यानं शिकावी लागली नाही. हलगी आणि घुमकं तालमीतून आलं, गुलाल यात्रेतून आणि घोषणेचा साचा मिरवणुकीतून. खंडोबाच्या नावानं असलेल्या संघाच्या तर नावातच आरोळी आहे.

याच मैदानावर पाटाकडील तालीम मंडळाचं ‘पीटीएम’ हे आद्याक्षरांचं नावही घोष होतं. अक्षरं इंग्रजी, पण ती पडतात हलगीच्या ठेक्यावर. तीन अक्षरांचे तीन ठोके. लिव्हरपूलचा कॉप आपल्या गावाच्या नावाचे तीन तुकडे पाडून मग टाळ्या वाजवतो, त्यालाही हाच हिशोब लागतो. दूरदूरच्या दोन गर्द्या एकाच ठेक्यावर पोचतात, कारण माणसाचा श्वास आणि दोन हात सगळीकडे सारखेच असतात.

आरोळी टिकते कशी

जुन्या आरोळ्यांची घडण पाहिली तर काही गुण पुन्हा पुन्हा दिसतात. पहिला, हाक आणि उत्तर. एकट्यानं हाक घालायची जोखीम घ्यायची आणि बाकीच्यांनी त्याला एकटं पडू द्यायचं नाही. दुसरा, लांबवता येणारा शेवट. ‘चांगभलं’, ‘मोरया’, ‘मल्हार’ हे शब्द शेवटी आवाज ताणू देतात, त्यामुळे मागे पडलेल्यालाही शेवटच्या अक्षराला गाठता येतं. तिसरा, मोकळी जागा. नाव बदलता आलं तर आरोळी पुढच्या पिढीला उपयोगी पडते. चौथा, शरीराचं काम. टाळी, हलगी, सासनकाठीची उडी किंवा विळ्याची ओढ यांपैकी काहीतरी सोबत असावं लागतं. नुसत्या तोंडानं म्हटलेली घोषणा लवकर विरते. म्हणूनच संघ विकत घेतलेल्या कंपनीनं ठरवून दिलेलं संघगीत ध्वनिक्षेपकावर कितीही वाजलं, तरी ते गर्दीच्या गळ्यात उतरेलच असं नाही.

आरोळीची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जो साचा संघाला बळ देतो त्यातच शिवी बसवता येते. प्रतिस्पर्ध्याच्या पेठेला, जातीला, आईबहिणीला लागणारे शब्द हलगीवर तितकेच सहज चढतात. समर्थकांतल्या हाणामाऱ्यांनी कोल्हापूरच्या फुटबॉलला अनेकदा गालबोट लावलं आहे, आणि अशा भांडणाची ठिणगी तोंडातून आधी पडते, हातातून नंतर. यावर बंदीचा उपाय अपुरा आहे. ‘चांगभलं’च्या मुलखात जन्मलेल्या गर्दीला त्या शब्दाचा अर्थ आठवून द्यावा लागेल. सगळ्यांचं चांगलं आणि भलं होवो, असं म्हणत आपण डोंगर चढतो. तोच गळा घेऊन गॅलरीत बसतो.

नोंद करायची वेळ

महाराष्ट्राला लोकांचे शब्द जपायची चांगली परंपरा आहे. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या प्रकल्पानं जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. एका एका बाईच्या आठवणीतलं धन त्यातून वाचलं. गर्दीच्या आरोळीलाही हेच प्रेम मिळायला हवं. तिला एकटी आठवण पुरत नाही. कोणत्या सामन्यात, कुणाविरुद्ध, कुणी उचलली, कोणत्या चालीवर, हे दहा जणांना विचारून जुळवावं लागतं, आणि ज्यांना विचारायचं ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

हे काम मोठ्या संस्थेची वाट पाहणारं नाही. तालमी आणि मंडळं आपले वार्षिक अहवाल छापतात. यात्रा समित्या मानकऱ्यांच्या याद्या ठेवतात. कुस्ती मैदानांच्या पत्रिका निघतात. त्यात एक पान आरोळ्यांसाठी राखावं. शब्द लिहावेत, ठेका लिहावा, पहिली हाक घालणाऱ्याचं नाव आठवत असेल तर तेही लिहावं. शिव्या सोडून द्याव्यात. पोर्ट्समथ क्लबनं 1900-01 च्या आपल्या पुस्तिकेत घड्याळाच्या सुरावरचे शब्द छापले, म्हणून सव्वाशे वर्षांनंतर त्या आरोळीचं मूळ आपण इतक्या खात्रीनं सांगू शकतो. एक पान पुरलं.

पुढच्या चैत्रात नाईकबाच्या डोंगरावर पुन्हा कुणीतरी ‘नावानं...’ म्हणून थांबेल. त्याला ती हाक कुणाकडून मिळाली, एवढं त्याला विचारून ठेवू या. उत्तरात बहुधा बापाचं, आज्याचं किंवा तालमीतल्या वस्तादाचं नाव येईल. आरोळीच्या मूळ गावाची वेस तिथूनच सुरू होते.